लंडनी कुंपण

सिडनीच्या बंदरात कारकुनानं मला विचारलं, "धंदा काय?" आणि मी खरं सांगितलं. तिथंच सगळा घोळ झाला.

चौदा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा घेऊन मी १८३१ च्या जुलैत तिथं उतरलो. वय एकोणीस, नाव नेड टॅप्सेल, गाव लंडन, राहणार रोझमेरी लेन, केझाया मावशीच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. दुकानात पुढे जुने कोट टांगलेले असत आणि त्या कोटांच्या मागे आमचा खरा धंदा चाले. लोक रात्री कुठून कुठून चांदीचे चमचे, घड्याळं, तपकिरीच्या डब्या 'सापडून' आणत आणि आम्ही ते गुपचूप विकत घेत असू. असा माल घेणाऱ्याला आमच्या गल्लीत 'कुंपण' म्हणतात. का म्हणतात ते मला माहीत नाही. एका अंगाला चोर, दुसऱ्या अंगाला शिपाई, आणि मधे आम्ही उभे, म्हणून असेल. मावशी नावाजलेली कुंपण होती. मी धाकटं कुंपण.

तर बोटीच्या डेकवर आम्हाला ओळीत उभं केलेलं. कारकून नवा कोरा होता, कुणा पाद्र्याचा मुलगा. जहाजाच्या हेलकाव्यानं बिचाऱ्याचा चेहरा अजून हिरवा होता. त्यानं आधीच बजावलं होतं की जो खोटा धंदा सांगेल त्याला वर्षभर बेड्यांच्या टोळीत धाडतील. ती टोळी समोर किनाऱ्यावरच दिसत होती. दोन्ही पायांत लोखंड, हातात घण, आणि रस्त्यासाठी फोडायचे दगड. त्यांच्या चालण्याचा खळखळाट बोटीपर्यंत येत होता. तो ऐकून माझ्या अंगात एकदम प्रामाणिकपणा शिरला.

"धंदा काय?"

"कुंपण, साहेब."

त्यानं मान वर केली. "कुंपण? खरंच?"

"मावशीकडे शिकलो."

"बाईमाणूस कुंपणाचं काम करायची?"

"अख्ख्या लंडनात तिच्यासारखं कुंपण नाही, साहेब. सरदार-दरकदारांच्या घरचा माल तिच्याकडे यायचा."

"वा. किती वर्षं?"

मला वाटलं शिक्षा विचारतोय. "चौदा," म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि आदरानं मान डोलावली. पाच वर्षांचा असल्यापासून राबणारं पोर त्यानं आजच पाहिलं असावं. वहीत त्यानं काय लिहिलं ते मला आठवड्याभरानं कळलं: 'कुंपणवाला. चौदा वर्षांचा अनुभव. खानदानी.'

आमच्या वसाहतीत तेव्हा खिसेकापू शेकड्यानं मिळत, पण कुंपण घालणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागे. हंटर नदीच्या वरच्या अंगाला राहणारे मिस्टर हंफ्री वेदरॉल दोन वर्षं सरकारकडे अर्ज करत होते की मला एक कुंपणवाला द्या. वेदरॉलसाहेब पूर्वी पलटणीत होते. लढाईच्या ऐन वेळी त्यांना गोवर आला होता, तेवढं सोडलं तर त्यांची कारकीर्द चांगली होती. सरकारनं त्यांना जमीन दिली, त्यावर त्यांनी आठशे मेंढ्या सोडल्या, आणि त्या मेंढ्या सुटल्या त्या थेट शेजारच्या मेजर डनस्टरच्या मेंढ्यांत मिसळल्या. दोन कळप एक झाले आणि दोन शेजारी दोन झाले.

मी पोचलो तेव्हा वेदरॉलसाहेब स्वतः फाटकाशी आले. कैद्याला घ्यायला मालक फाटकाशी आलेला त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता.

"टॅप्सेल," ते म्हणाले, "चौदा वर्षं?"

"अजून एकही भरलं नाही, साहेब."

"विनयशील आहेस. आवडलं मला." आणि त्यांनी मला स्वयंपाकघरातून जादा चहा आणि तंबाखू द्यायला सांगितलं. "ओढ्यापासून टेकडीपर्यंत एक मैल. उभे खांब, दोन आडव्या दांड्या. लोकर कातरायच्या आत उभं राहिलं पाहिजे. होईल ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कुंपण म्हणजे हे कुंपण. लाकडाचं. जन्मात मी लाकूड पाहिलं होतं ते दुकानाच्या फळीचं आणि न्यायाधीशासमोरच्या कठड्याचं. खरं सांगावं तर खोटा धंदा सांगितला म्हणून बेड्या. बरं, मी खोटं सांगितलंच नव्हतं, पण ते पटवायचं तर 'कुंपण' म्हणजे काय ते सांगावं लागणार, आणि मग जादा चहासुद्धा जाणार.

"होईल, साहेब," मी म्हणालो. "लंडनच्या पद्धतीनं करतो."

साहेबांनी मला रानात नेलं. तिथं निलगिरीचीच एक जात आहे, तिला आम्ही लोखंडसाल म्हणतो. "कुठलं झाड घ्यायचं?" त्यांनी विचारलं. आता मला माल पारखायची एकच रीत माहीत. मी एका झाडाजवळ गेलो, बोटाच्या मागच्या बाजूनं टकटक केलं, कान लावला. नखानं जरा खरवडलं, वर मुलामा वगैरे आहे का बघायला. मग एक ढलपी काढून दाताखाली धरली.

वेदरॉलसाहेब श्वास रोखून उभे. "काय?"

"अस्सल आहे," मी म्हणालो.

रात्रीच्या जेवणावेळी म्हणे त्यांनी बाईसाहेबांना सांगितलं की लंडनचे कुंपणवाले लाकूड चावून बघतात आणि आपल्याकडे कुणाला हे माहीतसुद्धा नाही.

पहिला खांब उभा करायला मला दीड दिवस लागला. खड्डा मी माझ्या बुटाएवढा खोल केला, खांब त्यात ठेवला, भोवती माती लोटली आणि वर थोपटलं. चार पावलं मागे येऊन बघत होतो तोच त्या मुलखातला तो खिदळणारा पक्षी येऊन खांबावर बसला. खांब सावकाश कलला, पक्ष्यासकट आडवा झाला. पक्षी उडून शेजारच्या फांदीवर गेला आणि पोट धरून हसावं तसा हसत सुटला.

फक्त तोच हसत नव्हता. मागे स्वयंपाकघरातली डॉर्कस स्पिंक उभी होती, एका हातात चहाची किटली आणि दुसऱ्या हातात राखेत भाजलेली जाड भाकरी घेऊन. डॉर्कस नॉरफकची, माझ्याच वयाची. तिला सात वर्षांची शिक्षा झाली होती, पाद्र्याचं बदक चोरल्याबद्दल. तिचं म्हणणं बदक आपणहून तिच्या मागे आलं. न्यायाधीशाला ते पटलं नाही, कारण बदक तोवर पातेल्यात होतं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"कुंपण."

"कुणाला अडवायला? आजारी मुंगीला?"

"लंडनची पद्धत आहे."

"लंडनमधे गायी पडलेल्या खांबांना बघून घाबरतात का?"

तिनं किटली खाली ठेवली, माझा हात धरला, तळवा उलटा करून पाहिला. तिथं तीन फोड आलेले आणि बाकी सगळं मऊ.

"तू कुंपणवाला नाहीस."

"मी कुंपण आहे," मी म्हणालो. "पुढचं 'वाला' कारकुनानं लावलं."

मग तिला मी सगळं सांगितलं. मावशी, कोट, चमचे, चौदा वर्षं. ती आधी उभ्यानं हसली, मग झाडाला टेकून, मग सरळ गवतात बसून. डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्या चोरांतून यांनी नेमका एक निवडून आणला, ज्याचं नाव तेवढं बरोबर आहे."

"सांगणार आहेस का साहेबांना?"

"मी इथं आले त्याला तीन महिने झाले. हसायला आज मिळालं. तुला बेड्या घालून नेला तर मी काय बघत बसू, मटणाचं पिंप?" ती उठली, पदर खोचावा तसा झग्याचा घोळ खोचला आणि पहार उचलली. "माझा बाप कुंपणं घालायचा. खरी. ये इकडे. खड्डा मांडीएवढा पाहिजे. माती एकदम लोटायची नाही. वीतभर टाकायची, कुटायची, परत वीतभर टाकायची. कुटताना कुणाचा राग येतो त्याचं तोंड डोळ्यापुढे आणायचं."

"तू कुणाचं आणतेस?"

"बदकाचं. मुकाट्यानं यायला काय झालं होतं, ओरडलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

अशा रीतीनं माझं शिक्षण सुरू झालं. डॉर्कस रोज दुपारी चहा घेऊन यायची आणि तास दीड तास राहायची. साहेबांनी विचारलं तर मी सांगायचो की लंडनच्या पद्धतीत मधल्या वेळचा चहा फार महत्त्वाचा. पाचर कुठं ठोकायची, ओंडका दोरीसारखा सरळ कसा फाटतो, खांबाला भोक पाडून दांडी कशी अडकवायची, सगळं तिनं शिकवलं. महिन्याभरानं माझ्या खांबावर पक्षी बसायला लागले तरी खांब उभे राहत. दोन महिन्यांनी मी स्वतः वर चढून बसलो. चौदा वर्षांचा अनुभव मला हळूहळू यायला लागला होता.

आता मेजर डनस्टर. हा गृहस्थ शेजारीही होता आणि आमच्या भागाचा न्यायाधीशही. आमच्याकडे मालकानं आपल्या कैद्याला स्वतः मारायचं नाही असा कायदा आहे. मारायचं झालं तर चिठ्ठी देऊन न्यायाधीश शेजाऱ्याकडे पाठवायचं. शेजारधर्म म्हणतात तो हाच. दर रविवारी मेजर आम्हा सगळ्या कैद्यांना आपल्या अंगणात गोळा करायचा आणि पाद्री नसल्यामुळे स्वतःच दहा आज्ञा वाचून दाखवायचा. 'चोरी करू नकोस' या आठव्या आज्ञेपाशी तो थांबायचा आणि एकेकाच्या डोळ्यांत बघायचा. वेदरॉलसाहेब पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं 'आमेन' म्हणायचे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आमेन झाल्यावर मेजरनं मला थांबवलं.

"टॅप्सेल, काल माझ्यापुढे एक लंडनचा चोर होता. म्हणाला, घड्याळ कुंपणाला विकलं. मी विचारलं, कुंपणाला घड्याळ कसं विकतात? तर दुभाष्यानं मला चोरांच्या भाषेतला अर्थ सांगितला." मेजर हसला. त्याचे दात फार व्यवस्थित होते. "तुझी मावशी बरी आहे ना?"

माझ्या पायांना बेड्या नसतानाच जड वाटायला लागलं.

"येत्या शनिवारी मी येतो," मेजर म्हणाला. "ओढ्यापासून टेकडीपर्यंत चालणार. एक मेंढी जाईल एवढी फट सापडली की तू खोटा धंदा सांगितलास. मग रविवारचं प्रवचन तू बेड्यांत ऐकायचं."

वेदरॉलसाहेबांना मी हे घाबरत सांगितलं. ते म्हणाले, "मेजरला माझा हेवा वाटतो. त्याच्याकडे एकही लंडनचा माणूस नाही."

सोमवारी डॉर्कसनं आणि मी हिशेब केला. अजून दीडशे पावलं बाकी होती. एका बाजूनं जाऊन पुरं होण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ठरवलं की टेकडीकडूनही सुरुवात करायची आणि मधे येऊन जोडायचं. लंडनमधे पूल असेच बांधतात, हे मी नदीकाठी उभा राहून स्वतः पाहिलं होतं. एक दिवस ओढ्याकडून, एक दिवस टेकडीकडून. मधल्या भागात पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांचं दाट जंगल. ओढ्याकडून येताना मी मोजणीदाराच्या खुंट्यांवरून यायचो. टेकडीकडून येताना झाडांवर कुऱ्हाडीच्या खुणा होत्या, त्यावरून यायचो. त्या खुणा मोजणीदाराच्या नसून दोन वर्षांपूर्वी मध काढायला आलेल्या कुणाच्या तरी होत्या, हे मला कुणी सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी डॉर्कस सरपणासाठी झुडपात शिरली. आतून तिचा आवाज आला.

"नेड."

"काय?"

"तू किती कुंपणं घालतोयस?"

"एक."

"इकडे ये."

मी गेलो. तिनं फांद्या बाजूला केल्या. डावीकडून माझं कुंपण येत होतं. उजवीकडूनही माझंच कुंपण येत होतं. दोघं एकमेकांना भेटली नव्हती. शेजारून निघून गेली होती, रस्त्यात भांडलेले दोन भाऊ एकमेकांना ओलांडून जातात तशी. दोघांच्यामधे दोन फुटांची फट, आणि ती तशीच साठ पावलं चाललेली.

डॉर्कस त्या फटीतून एका टोकानं आत गेली आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडली. आत गेली तेव्हा वेदरॉलच्या जमिनीत होती, बाहेर आली तेव्हा मेजरच्या.

"मी गेले," ती म्हणाली. "मेंढी माझ्याहून बारीक असते."

"मधे एक दांडी ठोकली तर?"

"कशात ठोकणार? दोन्ही टोकांना खांबाची भोकं लांबीच्या दिशेनं पाडलीयत तू. आडवं काही बसायचं तर नवे खांब पाहिजेत. लाकूड कुठाय?"

लाकूड नव्हतं. साहेबांनी उरलेले ओंडके कोंबड्यांच्या खुराड्याला वापरले होते, कारण लंडनच्या माणसानं चावून पास केलेलं लाकूड त्यांना कोंबड्यांसाठी हवं होतं. आम्ही शुक्रवारभर नवा ओंडका फाडायला बसलो तर पाचर आत अडकली, दुसरी पाचर काढायला घातली तीही अडकली, आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडे दोन पाचरी पोटात घेतलेला एक समाधानी ओंडका होता.

शनिवारी मेजर आला. घोड्यावर, बरोबर कुत्रा, खिशात माझ्या नावाचं वॉरंट, तारखेसकट लिहून आणलेलं. वेदरॉलसाहेबही इस्त्रीचा कोट घालून आले. डॉर्कसला कुणी बोलावलं नव्हतं, ती किटली घेऊन आली. किटली घेतलेल्या बाईला कुणी का आलीस विचारत नाही.

ओढ्यापासून मेजर एकेक खांब हलवून बघत चालला. काही हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरची निराशा बघून मला त्या परिस्थितीतही बरं वाटलं. बदकाच्या रागानं कुटलेली माती होती ती.

मग झुडपं आली.

मेजर घोड्यावरून उतरला. फटीत शिरला. साठ पावलं चालत गेला आणि पलीकडून त्याचा आवाज आला, फार प्रसन्न. "वेदरॉल, मी आता माझ्या जमिनीत आहे." परत चालत आला. "आता तुमच्या जमिनीत आहे. याला तुमच्याकडे कुंपण म्हणतात?"

वेदरॉलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "टॅप्सेल, ही लंडनची पद्धत आहे ना?"

मेजरनं खिशातून वॉरंट काढलं आणि सहीसाठी गुडघ्यावर ठेवलं. दौत धरायला त्यानं कुत्र्याची साखळी सोडली.

कुत्र्याला ओढ्यात पाणी पिणारा कळप दिसला. दोन्ही घरच्या मिसळलेल्या तीनेकशे मेंढ्या. तो भुंकत वळसा घालून त्यांच्या मागे गेला, मेंढ्या पळत सुटल्या, कुंपणाच्या कडेकडेनं आल्या आणि पळायला दुसरी वाट नव्हती म्हणून फटीत शिरल्या. फट दोन फुटांची. दोन मेंढ्यांना एका वेळी जाता येईना. एकामागून एक, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या बायकांसारख्या, त्या ओळीनं यायला लागल्या. मी दुसऱ्या तोंडाशी उभा होतो. प्रत्येक मेंढी माझ्या गुडघ्याला घासून, कान पुढे करून, निघून जायला लागली.

आता आमच्याकडे मेंढीच्या कानावर मालकाची खूण असते. वेदरॉलची खूण म्हणजे डाव्या कानाला गोल भोक. मेजरची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच. हे सगळ्यांना माहीत. पण एकेक माल असा डोळ्यांसमोरून जायला लागल्यावर माझ्यातला रोझमेरी लेनचा माणूस जागा झाला. भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा, मी बोलायला लागलो.

"मेजर. मेजर. वेदरॉल. मेजर. वेदरॉल. मेजर... नाही, ही नाही. ही मूळची वेदरॉलची."

मेजरची लेखणी थांबली. "काय म्हणालास?"

"खाच बघा, साहेब. फार खोल गेलीय, आणि तळाशी अर्धा गोल राहिलाय. आधी इथं भोक होतं. भोकावरून खाच मारली की भोक गायब होतं, पण तळाची गोलाई जात नाही. चमच्यावरचं एक अक्षर घासून दुसरं कोरतात ना, तसंच आहे. काम चांगलंय, पण घाईत केलंय."

वेदरॉलसाहेब छाती फुगवून पुढे आले. "ऐकलंत, मेजर? माझी मेंढी. तुमची खूण."

"ही पण," मी म्हणालो. "आणि ही. आणि मागची ती ठिपक्यांची."

"चार," वेदरॉलसाहेब म्हणाले. "परमेश्वरा. दर रविवारी आठवी आज्ञा वाचणारा माणूस."

मेजरचा चेहरा त्याच्या जुन्या पलटणीच्या लाल डगल्याच्या रंगाचा झाला. "माझ्या मेंढपाळानं केलं असेल."

"वेदरॉल," मी पुढे चालू ठेवलं. "वेदरॉल. मेजर. वेदरॉल... अरेच्चा, ही मूळची मेजरची."

वेदरॉलसाहेबांची छाती खाली बसली.

"कान आखूड आहे," मी म्हणालो. "खाच होती तो शेंडाच कापून टाकलाय, आणि उरलेल्या कानाला भोक पाडलंय. ही पद्धत जास्त चलाख. पण शेजारच्या कानाशी मोजलं की कळतं. ही पण तशीच. ही पण. या चार एकदम आल्या त्याही. बहिणी दिसतात."

आता मेजर छाती फुगवून पुढे आला. "आमेन," तो म्हणाला.

वेदरॉलसाहेब स्वतःच्या कोटाचं बटण बघत होते. "माझ्या मेंढपाळानं केलं असेल."

डॉर्कस दोघांना चहा ओतत होती. चहा ओतता ओतता तिनं अगदी भोळेपणानं विचारलं, "मेजरसाहेब, नेडला टोळीत पाठवायचं तर आधी कोर्टात उभा करणार ना? मग त्याला शपथ घालून विचारतील, काय पाहिलंस, काय बोललास, सगळं. तो सगळं सांगेल. त्याला खरं बोलायची सवय आहे, म्हणून तर इथं आला."

दोघा साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत होत होतं.

"कोर्ट कशाला?" वेदरॉलसाहेब म्हणाले.

"छोट्या गोष्टीसाठी कोर्टाचा वेळ घेणं बरं नाही," मेजर म्हणाला.

"मेंढ्या अशा ओळीनं येतात हे किती सोयीचं आहे बघा, मेजर. तोंडाशी माणूस उभा राहिला की तुमच्या तिकडे, माझ्या इकडे."

"मी तेच म्हणणार होतो. दोन्ही टोकांना एकेक फाटक लावलं की झालं. हे मुद्दाम केलंय ना, टॅप्सेल?"

"लंडनमधे असंच करतात, साहेब," मी म्हणालो.

दुपारपर्यंत आम्ही कळप वेगळा केला. मी कान वाचायचो, डॉर्कस एका फळीनं मेंढी इकडे नाहीतर तिकडे वळवायची. ज्याची चोरीला गेली होती ती त्याच्याकडे परत गेली आणि कुणीही 'चोरी' हा शब्द उच्चारला नाही. 'चुकून गेलेली' म्हणायचं ठरलं. मेजरच्या एकतीस चुकून इकडे आल्या होत्या, वेदरॉलच्या तीस तिकडे गेल्या होत्या. एकतिसावी म्हातारी होती म्हणून मेजरनं मोठ्या मनानं फरक सोडून दिला.

मग मेजरनं तेच वॉरंट उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. मला वाचता येतं, मावशीनं शिकवलं होतं, घड्याळांवरची नावं वाचायला. त्यात लिहिलं होतं: 'नेड टॅप्सेल यास मी स्वतः तपासले. कुंपण म्हणून हा माणूस अस्सल आहे.' दोन्ही साहेबांनी खाली सह्या केल्या. मी तो कागद घडी करून सदऱ्याच्या आत ठेवला. पाय एकदम इतके हलके वाटले की मी उगाचच दोन उड्या मारल्या. वेदरॉलसाहेबांना वाटलं मुंग्या चावल्या.

मेजर घोड्यावर चढला, पण निघेना. लगाम हातात घोळवत राहिला.

"वेदरॉल, हा माणूस मला महिनाभर द्याल का? माझ्या पश्चिमेच्या बाजूला कर्नल ट्रेगिअरची हद्द आहे. तिकडे कुंपण नाही. आणि मला बरेच दिवस संशय आहे की कर्नलच्या मेंढ्यांचे कान जरा आखूड आहेत."

"किती लांब हद्द?" मी विचारलं.

"चार मैल. सगळा खडक."

माझ्या तळहातांवर जुने फोड होते तिथं नव्यानं ठणका सुरू झाला. चार मैल खड्डे, मांडीएवढे, खडकात. बेड्यांची टोळी दगड फोडते तर मी काय वेगळं करणार होतो, फक्त पायात लोखंड नाही एवढंच. पण ते एवढंच फार मोठं होतं.

"करतो, साहेब," मी म्हणालो. "पण लंडनच्या पद्धतीला दोन माणसं लागतात. एक कान वाचणारं, एक माती कुटायला सांगणारं."

"दुसरं कोण?"

मी किटलीकडे बघितलं. मेजरनंही बघितलं. वेदरॉलसाहेब म्हणाले, "आमचा स्वयंपाक कोण करणार?" पण मेजरनं नुसता 'मेंढपाळ' असा शब्द उच्चारला आणि साहेबांनी लगेच मान हलवली, की महिनाभर थंड मटण खाणं प्रकृतीला चांगलंच असतं.

डॉर्कसनं किटली जमिनीवर ठेवली.

"मला कुणी विचारलं?"

"आत्ता विचारतो," मी म्हणालो. "येशील?"

"खडक कुटायला?"

"कुटेन मी. तू तोंडं सांग, कुणाची डोळ्यापुढे आणायची ते."

तिनं विचार केला. पक्षी फांदीवर बसून हसायची वाट बघत होता.

"एका अटीवर," ती म्हणाली. "पहार धरताना बोटं पुढे घेत जा. गेले तीन महिने सांगतेय. आणि दोन टोकांकडून काम नाही. एकाच टोकाकडून. शेवटपर्यंत."

"एकाच टोकाकडून," मी कबूल केलं.

सोमवारी सकाळी आम्ही बैलगाडीत कुऱ्हाडी, पहारी, चहा, पीठ आणि पोटात दोन पाचरी असलेला तो ओंडका टाकून निघालो. ओंडका डॉर्कसनं घेतला. तिचं म्हणणं, चार मैलांत कुठं ना कुठं तरी तो फुटेल, आणि नाहीच फुटला तर बसायला होईल. मेजरच्या हद्दीपाशी पोचलो तेव्हा कर्नलच्या मेंढ्या कुतूहलानं आमच्याकडे बघत उभ्या होत्या. कुणाचे कान आखूड ते मी लांबूनच सांगू शकलो असतो, पण डॉर्कसनं पहार माझ्या हातात दिली.

"आधी खड्डा," ती म्हणाली.